ताम्रपटाबाहेरचं खोरं

बुऱ्हाणपूरला येणारा पर्यटक साधारण इ.स. १४०० ते १६५० एवढ्या काळात फिरून परत जातो. फारुकी सुलतानांनी वसवलेलं शहर, तापीकाठचा शाही किल्ला, जामा मशीद, १६१५ च्या सुमाराचा कुंडी भंडारा, आणि १६३१ साली मुमताज महल इथे वारली ही हकिकत. हे सगळं पाहण्यासारखं आहेच. पण शहर मागे टाकून पूर्वेला अमरावतीच्या दिशेनं निघालं की खकनार तालुका लागतो आणि तिथे हा इतिहास एकदम अपुरा वाटू लागतो. दक्षिणेला सातपुड्याची रांग, तिच्यापलीकडे बुलढाण्याचं जळगाव जामोद, पूर्वेला धारणी आणि मेळघाट, पश्चिमेला रावेर-मुक्ताईनगर. या टापूत मराठी, निमाडी, हिंदी, बारेली आणि कोरकू कानावर पडतात, आणि तापीच्या दक्षिणेला टेंभीच्या आसपास अशी एक भाषा आहे जिचं जगातल्या कुठल्याही भाषेशी नातं अजून सिद्ध झालेलं नाही. तिचं नाव निहाली. एवढ्याशा प्रदेशात इतक्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषा कशा जमल्या, हा प्रश्न सुलतानांच्या आणि मोगलांच्या काळात सुटत नाही. त्यासाठी आणखी हजारभर वर्षं मागे, साधारण सहाव्या ते तेराव्या शतकापर्यंतच्या काळात जावं लागतं. इतिहासकार त्याला पूर्वमध्ययुग म्हणतात.

त्या काळाकडे आपण सहसा जन्मदाखल्यांची पेटी म्हणून पाहतो. मराठीचा पहिला शिलालेख कोणता, अमुक गावाचा पहिला उल्लेख कधीचा, अमुक देवळाची हेमाडपंती शैली कोणी आणली, असे प्रश्न घेऊन जातो आणि एखादं शकवर्ष हाती लागलं की समाधानानं परततो. खकनारच्या परिसरात उभं राहून पाहिलं तर ही पद्धत मुळातच चुकीची आहे, असं माझं म्हणणं आहे. भाषा, कारागिरी किंवा वस्ती लेखात पहिल्यांदा दिसते तो तिचा जन्मदिवस नसतो. राजाला, मठाला किंवा बाजाराला तिची नोंद करण्याची गरज पडली तो दिवस असतो. या दोन दिवसांत शतकांचं अंतर असू शकतं. ज्यांची गरज कोणालाच पडली नाही त्यांच्या वाट्याला तर दुसरा दिवस आलाच नाही. मग आपण पहिल्यांना ‘प्राचीन’ म्हणतो आणि दुसऱ्यांना ‘आदिम’. हे दोन शब्द वयाबद्दल बोलतात असं वाटतं, पण प्रत्यक्षात ते बोलतात कागदपत्रांबद्दल.

आधी कागदपत्रं पाहू, कारण ती खरोखर बोलकी आहेत. तापी उगम पावते बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला. मुलताईला आणि जवळच्याच तिवरखेडला नन्नराज युद्धासुर नावाच्या एका राष्ट्रकूट राजाचे ताम्रपट सापडले. मान्यखेटच्या प्रसिद्ध राष्ट्रकूटांचा उदय व्हायच्या आधीचं हे घराणं. तिवरखेडचं दानपत्र अचलपुराहून, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरहून दिलेलं आहे. म्हणजे खकनारच्या पूर्वेचा डोंगराळ मुलूख त्या वेळी वऱ्हाडातून चालवला जात होता. आज राज्याची सीमा जिथे आहे तिथे त्या काळी काही तुटत नव्हतं. पण या पत्र्यांमध्ये एक गाठ होती. तिवरखेडच्या ताम्रपटावर शक ५५३, म्हणजे इ.स. ६३१ हे वर्ष, तर मुलताईच्या ताम्रपटावर शक ६३१, म्हणजे इ.स. ७०९. एकच राजा ७८ वर्षांच्या अंतरानं दोन दानं देतो हे पटणारं नव्हतं. पुढे अकोला जिल्ह्यातल्या सांगळूदला त्याच राजाचा शक ६१५ चा, म्हणजे इ.स. ६९३ चा ताम्रपट मिळाला आणि पारडं नंतरच्या तारखेच्या बाजूनं झुकलं. तिवरखेडचं वर्ष चुकीचं कोरलं गेलं असावं किंवा तो पत्राच नंतर बनवलेला असावा, असं अभ्यासक मानू लागले. तांब्यावर कोरलेली तारीखसुद्धा दुसऱ्या पुराव्याशी ताडून पाहावी लागते, ती अशी. मात्र तारखेचा घोळ असूनही त्या पत्र्यातलं गाव आजही जवळपास त्याच नावानं तिथेच उभं आहे. राजाचं वर्ष डळमळलं, पण खेड्याचं नाव तेराशे वर्षं टिकलं.

या काळातली नाणीही अशीच दिसतात. सहाव्या शतकात माहिष्मतीच्या कलचुरी घराण्यातला कृष्णराज या सगळ्या भागावर राज्य करत होता. माहिष्मती म्हणजे महेश्वर की मांधाता, यावर वाद आहे, पण दोन्ही ठिकाणं नर्मदेवरच, बुऱ्हाणपूरपासून उत्तरेला. त्याची चांदीची लहानशी नाणी नाशिकपासून अमरावती जिल्ह्यातल्या धामोरीपर्यंत सापडतात. कृष्णराज गेल्यावर शतकाहून अधिक काळ लोटला, तरी नाशिकजवळच्या अंजनेरीचा सन ७१० च्या सुमाराचा ताम्रपट दंडाच्या रकमा ‘कृष्णराज रूपकां’तच सांगतो. राजवट बदलली, चालुक्य आले, तरी बाजारानं ओळखीचं नाणं सोडलं नाही. म्हणजे या खोऱ्याचा व्यवहार राजांच्या वंशावळीपेक्षा सावकाश बदलत होता. इतिहासाचं पुस्तक घराण्यांनुसार प्रकरणं पाडतं, तेव्हा हा सावकाशपणा त्याच्या हातून निसटतो.

आता ताम्रपट नावाची वस्तू एकदा हातात घेऊन पाहू. तांब्याचे ठोकून सपाट केलेले दोन-तीन पत्रे, डाव्या बाजूला किंवा वरती भोक, त्यातून ओवलेली जाड कडी आणि कडीच्या सांध्यावर राजमुद्रा. आतल्या मजकुरात राजाच्या पूर्वजांची स्तुती, मग दान घेणाऱ्याचं नाव, गोत्र, वेदशाखा, मग गाव आणि त्याच्या चतुःसीमा, आणि शेवटी दान हिरावून घेणाऱ्याला शाप. या साच्यात कोण बसतं हे पाहिलं की कोण बसत नाही तेही दिसतं. त्या चतुःसीमांच्या आत आधीपासून राहणारे, जंगल तोडून किंवा जाळून नाचणी-कुटकी पेरणारे, मोहाची फुलं वेचणारे, बांबू विणणारे लोक नावानं येत नाहीत. ‘इंडियन फ्युडॅलिझम’ या १९६५ च्या पुस्तकात रामशरण शर्मांनी अशा दानपत्रांवरून मांडलं की राजसत्ता खिळखिळी होऊन जमीन आणि अधिकार मधल्या लोकांच्या हाती गेले. ब्रजदुलाल चट्टोपाध्यायांनी पुढे, १९९४ च्या आपल्या ग्रंथात, उलट बाजू दाखवली: हा काळ मोडकळीचा नसून घडणीचा होता, नव्या मुलखात शेती पसरली, स्थानिक सरदार राजे झाले, जमाती जातींत आल्या, स्थानिक दैवतं देवळांत आली. तापीच्या या पट्ट्याला चट्टोपाध्यायांचं चित्र अधिक लागू पडतं असं मला वाटतं, कारण इथे आधी मोडण्यासारखी मोठी व्यवस्था फारशी नव्हती. पण घडण म्हटलं की तिच्यात सामील झालेले आणि बाहेर राहिलेले, असे दोन्ही आले. डोंगरात जिथपर्यंत नांगर पोचला तिथपर्यंत ताम्रपट पोचला. त्याच्या वर जे होतं ते पुढच्या हजार वर्षांत ‘जंगली’ ठरलं.

मराठीची गोष्ट याच चौकटीत वाचायला हवी. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि त्यानंतर तिच्या वयाची चर्चा घरोघरी झाली. माहाराष्ट्री प्राकृतापर्यंत मागे जाणारी तिची परंपरा खरी आणि अभिमानाची आहे. पण जिला आज आपण मराठी म्हणून ओळखू, त्या रूपातले जुने पुरावे कुठे सापडतात ते पाहा. सन ७७९ मध्ये उद्योतनसूरीनं ‘कुवलयमाला’ ही प्राकृत कथा लिहिली. तिच्यातल्या बाजारात देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलतात, त्यात मरहट्टेही आहेत. हा ग्रंथ लिहिला गेला राजस्थानातल्या जालोरला. अलिबागजवळचा आक्षीचा शिलालेख समुद्रकाठचा. त्याचं वर्ष शक ९३४ असं वाचतात आणि त्यावर वादही आहे. हत्तरसंग-कुडलचा शक ९४० चा लेख भीमा-सीना संगमावरचा, कन्नडच्या उंबरठ्यावरचा. श्रवणबेळगोळचं गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं मराठी वाक्य तर थेट कर्नाटकाच्या पोटात. आणि खानदेशातला पाटणचा लेख सातपुडा-अजिंठा डोंगररांगांच्या मधल्या पट्ट्यातला. म्हणजे मराठी पहिल्यांदा दिसते ती बऱ्याच अंशी काठांवर, जिथे दुसरी भाषा बोलणारा समोर उभा आहे आणि आपली बोली वेगळी असल्याचं त्याला जाणवतं आहे. घरात सगळे एकच भाषा बोलत असतील तर तिचं नाव घेण्याची वेळच येत नाही.

पाटणचा लेख याहून बारकाईनं पाहण्याजोगा आहे. चाळीसगावजवळ, पाटणादेवीच्या परिसरातला हा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. देवगिरीच्या यादवांचं मांडलिक निकुंभ घराणं तिथे राज्य करत होतं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आपल्या आजोबांचे ग्रंथ, ‘सिद्धांतशिरोमणि’ आणि इतर, शिकवण्यासाठी एक मठ काढला आणि सोइदेव निकुंभानं शक ११२८ मध्ये त्याला दान दिलं. बीजगणित आणि खगोलाच्या अभ्यासासाठी राजाश्रयानं चाललेली संस्था, आणि तिच्या स्थापनेची दगडावरची नोंद. असे दाखले देशातही थोडेच. या लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे. त्यात भास्कराचार्यांच्या कुळाची थोरवी आहे, राजाची स्तुती आहे. पण मजकूर पैशांवर येतो तिथे लेख भाषा बदलतो आणि जुन्या मराठीत उतरतो. कारण आता ज्यांनी देणं द्यायचं आहे त्यांना ते कळलं पाहिजे. गावातल्या तेल्यांनी चालत्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यायचं, आणि मोजायचं ते मठाच्या मापानं. ग्रहांची गती संस्कृतात, पळीभर तेल मराठीत. आकाशाचं गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दिव्यात जे तेल जळत होतं त्याचा हिशेब तेल्याच्या भाषेत ठेवावा लागला, म्हणून ती भाषा आज आपल्या हाती आहे. त्या तेल्याची भाषा सन १२०७ मध्ये जन्माला आली असं कोणी म्हणणार नाही. करवसुलीनं तिला दगडावर आणलं, एवढंच.

हे मान्य केलं की पुढचं पाऊल अपरिहार्य आहे. ज्या लोकांकडून पळीभर तेलही घ्यायचं नव्हतं, कारण त्यांच्याकडे घाणा नव्हता आणि ते गावाच्या चतुःसीमेबाहेर होते, त्यांच्या भाषांना दगड मिळाला नाही. कोरकू ही त्यातली मोठी. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे सुमारे ७ लाख २७ हजार लोक होते. तिचं कुळ मुंडा, म्हणजे संथाली-मुंडारीचं, आणि त्याही पलीकडे ऑस्ट्रोएशियाटिक, ज्यात कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामी येतात. या विस्तीर्ण कुळाचं अगदी पश्चिमेचं टोक म्हणजे खकनार-मेळघाटची कोरकू. छोटा नागपूरपासून शेकडो किलोमीटर दूर, सातपुड्यात ती एकटी पडलेली आहे. ती इथे कोणत्या शतकात आली हे सांगणारा लेख नाही. पण बाकीच्या मुंडा भाषांपासून ती ज्या प्रमाणात वेगळी झाली आहे ते पाहता हे वेगळेपण दोन-चार पिढ्यांत आलेलं नाही, हे भाषाशास्त्राच्या कोणत्याही अभ्यासकाला मान्य होईल.

निहालीचं कोडं याहून अवघड. सर जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ च्या खंडात स्टेन कोनो यांनी निमाडातल्या ‘नहाली’ची पहिली सविस्तर नोंद केली. १९६२ मध्ये डच संस्कृतज्ञ कायपर यांनी तिच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. नंतर आशा मुंडले यांनी तिचा शब्दसंग्रह केला, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले के. एस. नागराज यांचं निहालीचं व्याकरण २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानानं प्रसिद्ध केलं. या साऱ्या अभ्यासातून दिसतं ते असं: निहालीतला बराच शब्दसंग्रह उसना आहे, कोरकूतून सर्वांत जास्त, मग द्राविडी भाषांतून, मग मराठीतून. पण हे सगळं वजा केल्यावर एक गाळ उरतो आणि तो गाळ साध्यासुध्या गोष्टींचा आहे. रक्त, अंडं, अशा वस्तूंची नावं. परके शब्द बाजाराचे, शेतीचे, राज्यकारभाराचे असतात. शरीराचे आणि घरातले शब्द माणूस सहजी बदलत नाही. तो गाळ कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाही. आज ही भाषा बोलणारे मोजकेच, फार तर दोन-अडीच हजार असावेत असा अंदाज केला जातो, आणि केवळ निहालीच बोलणारं माणूस उरलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप स्वतः कायपर यांनीच नोंदवला होता. निहाली ही खरी स्वतंत्र भाषा नसून एखाद्या गटानं परक्यांना कळू नये म्हणून बनवलेली सांकेतिक बोली असू शकते. नहाल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांची लुटारू म्हणून जुन्या कागदांत असलेली बदनामी या तर्काला पोषक ठरली. आक्षेप गंभीर आहे. अशा गुप्त बोली भारतात अनेक व्यावसायिक आणि भटक्या गटांत आहेत. पण त्या बोलींचा सांगाडा ओळखीच्या भाषेचा असतो आणि बदललेले शब्द कुठून आले हेही बऱ्याचदा उलगडतं: अक्षरं उलटी करून, जुन्या शब्दांना शेपूट जोडून, शेजारच्या भाषेतून उचलून. निहालीतल्या त्या गाळाचा असा उलगडा शंभर वर्षांत कोणाला करता आलेला नाही. आणि ती गुप्त बोली मानली तरी तिच्यात भरलेले अनोळखी शब्द कुठल्यातरी भाषेतूनच यायला हवेत. म्हणजे हरवलेल्या भाषेचा प्रश्न एक पायरी मागे सरकतो, मिटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक रूढ आहे: निहाली ही ‘मिश्र’ आहे, म्हणून तिला प्राचीन म्हणण्यात अर्थ नाही. इथे मात्र आपल्याला आपल्याच घराकडे पाहावं लागतं. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ फ्रँकलिन साउथवर्थ यांनी १९७१ मध्ये एक निबंध लिहून असं सुचवलं की मराठीच्या जडणघडणीतच द्राविडी भाषक आणि आर्यभाषक यांच्या सरमिसळीचा, जवळजवळ क्रिओलसारखा टप्पा होऊन गेला असावा. हा सिद्धांत सगळ्यांनी स्वीकारलेला नाही, पण त्यामागची निरीक्षणं फेटाळता येत नाहीत. आपण बोलताना ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद करतो, ऐकणारा आत धरायचा की बाहेर ठेवायचा हे सर्वनामातच सांगतो. हिंदीत हा भेद नाही, संस्कृतातही नाही. तेलुगूत आहे, गोंडीत आहे, आणि कोरकूतही आहे. मराठीनं तो शेजाऱ्यांकडून उचलला, बहुधा द्राविडी शेजाऱ्यांकडून. मिश्र असणं हा उणेपणा असेल तर तो आपल्या भाषेलाही लागू होतो. नसेल तर निहालीलाही लागू करता येत नाही. दोन्ही भाषा एकाच प्रकारच्या खोऱ्यांत, एकाच प्रकारच्या देवाणघेवाणीतून घडल्या. एकीला मठ, राजसभा, पुढे रिद्धपूरचा महानुभाव पंथ आणि ज्ञानदेव-मुक्ताबाईंची वारकरी परंपरा मिळाली. दुसरीला डोंगर मिळाला.

तिसरा आक्षेप इतिहासकाराचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लेखी पुरावा नाही म्हटल्यावर काहीही म्हणायला रान मोकळं होतं. शकवर्ष हीच एक भक्कम जमीन आहे, ती सोडली की जो तो आपल्या भाषेला दहा हजार वर्षांची करतो. ही भीती खरी आहे, असे दावे रोज वाचायला मिळतात. पण मी शकवर्ष सोडा म्हणत नाही. ते काय सांगतं एवढंच नेमकं वाचा म्हणतो. पाटणचा लेख सांगतो की १२०७ पर्यंत मराठी बाजारव्यवहारात पक्की बसली होती. त्याच्या आधी किती, हे तो सांगत नाही. त्याच न्यायानं नहालांबद्दलही एक भक्कम खुंटी आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्रानं ‘अभिधानचिंतामणि’ हा कोश रचला. त्यात म्लेच्छ जातींची यादी देताना पुलिंद, शबर, भिल्ल, किरात यांच्याबरोबर ‘नाहल’ हे नाव तो घेतो. हे नाहल म्हणजे आजच्या निहालींचेच पूर्वज, असं शपथेवर सांगता येणार नाही, पण नावाचं आणि प्रदेशाच्या जवळिकीचं साम्य दुर्लक्ष करण्याजोगं नाही. म्हणजे पाटणचा मठ उभा राहण्याच्या आधीच या नावाचे लोक विद्वानांना ठाऊक होते. त्यांची भाषा काय, हे विचारण्याचं मात्र कोणाला कारण पडलं नाही. त्यांची नोंद झाली ती परक्यांच्या यादीत.

कारागिरीलाही हाच नियम लागतो. खकनारहून नैर्ऋत्येला अजिंठा आहे. पाचव्या शतकात वाकाटक हरिषेणाच्या काळात तिथली बरीचशी लेणी घडली. सोळाव्या लेण्याच्या शिलालेखात मंत्री वराहदेवाचं नाव आहे, सव्विसाव्यात भिक्षू बुद्धभद्राचं. मातीत धान्याचा भुसा आणि वनस्पतीचे तंतू मिसळून भिंत लिंपणारा, तिच्यावर चुन्याचा पातळ थर देणारा, इथल्याच खडकातून गेरू आणि हिरवा रंग काढणारा आणि अफगाणिस्तानातून आलेला राजावर्त दगड वाटून निळा करणारा माणूस तिथे नाव न ठेवता गेला. सातव्या शतकात चालुक्य राजा पुलकेशीच्या महाराष्ट्रात आलेल्या चिनी प्रवासी ह्युएन त्संगनं डोंगराच्या कड्यातल्या एका विहाराचं वर्णन केलं आहे. प्रवेशद्वाराशी दोन बाजूंना दगडी हत्ती असल्याचं तो लिहितो, आणि सोळाव्या लेण्याकडे चढणाऱ्या पायऱ्यांशी ते हत्ती आजही उभे आहेत. परदेशी प्रवाशानं लिहिलं म्हणून ते स्थळ आपल्याला जुनं ‘पर्यटनस्थळ’ वाटतं. पण तिथवर नेणारी वाट, तापी ओलांडून उत्तरेला भडोचकडे जाणारे मार्ग, बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला असलेल्या असीरगड किल्ल्याखालची खिंड, हे ज्यांनी शतकानुशतकं पायाखाली घातलं ते वाटाडे आणि तांडे कुठल्या प्रवासवर्णनात नाहीत.

असीरगडावरूनच उलट बाजूचा इशाराही मिळतो. कनौजच्या मौखरी घराण्यातला सहाव्या शतकातला राजा शर्ववर्मा याची तांब्याची मुद्रा असीरगडावर सापडली होती. तिच्यावरून काहींनी मौखरींचं राज्य तापीपर्यंत पोचवलं. पण ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिंद्यांच्या मालमत्तेच्या पेटीत मिळाली होती. उत्तर हिंदुस्थानात फिरलेल्या शिंद्यांच्या सामानाबरोबर ती हजार-बाराशे वर्षांनंतर इथे आली असणं सहज शक्य आहे. वस्तू प्रवास करते, भाषाही करते, पण भाषा खिशात घालून आणता येत नाही. तिला बोलणारी माणसं लागतात, त्यांना राहायला जागा आणि पोरांना शिकवायला काही पिढ्या लागतात. म्हणून या खोऱ्याच्या प्राचीनतेबद्दल मौखरी मुद्रेपेक्षा कोरकूतली मराठी आणि निहालीतली कोरकू अधिक खात्रीनं बोलतात. उसन्या शब्दांचे थर वर्ष सांगत नाहीत, पण क्रम सांगतात: कोण आधी होतं, कोणाशी कोणाचा संबंध जास्त घट्ट होता, कोण वरचढ झालं. निहालीत कोरकू खोलवर मुरलेली आहे, मराठी तुलनेनं वरच्या थरात. याचा अर्थ नांगर आणि ताम्रपट घेऊन आलेली भाषा या डोंगरात सर्वांत शेवटी चढली, असा मी लावतो.

हा प्रश्न केवळ तेराशे वर्षांपूर्वीचा नाही. भारताच्या जनगणनेत दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितलेली मातृभाषा प्रसिद्ध यादीत स्वतंत्रपणे येत नाही. ती ‘इतर’ या रकान्यात जाते. म्हणून सरकारी तक्त्यांत निहाली शोधून सापडत नाही. त्यात कोणाचा दुष्टावा नाही, मोजणीची सोय आहे, जशी चतुःसीमा आखणाऱ्या राजाच्या लेखनिकाची सोय होती. पण नोंद नसली की भाषेसाठी पाठ्यपुस्तक निघत नाही, शिक्षक नेमला जात नाही, आणि शाळेत गेलेलं निहाली मूल हिंदी किंवा मराठीत पुढे जातं. युनेस्कोनं तिला अत्यंत धोक्यात असलेल्या भाषांत धरलं आहे. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा जाहीर झाला आहे. मातृभाषेच्या रकान्यात घरचा माणूस सांगेल ते नाव जसंच्या तसं लिहून घ्यायचं, असा प्रगणकांना दंडक असतो. तेव्हा टेंभीच्या आणि जामोदच्या वस्त्यांत हा प्रश्न दारोदार विचारला जाईल. प्रगणकाला निहाली हे नाव आधीपासून ठाऊक असेल, तर घरच्या माणसालाही ते सांगताना अवघडल्यासारखं होणार नाही. बुऱ्हाणपूर आणि बुलढाणा या दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनांना प्रगणकांच्या प्रशिक्षणात एवढी एक ओळ घालणं सहज जमण्यासारखं आहे.